पाणंदीत घालण्याजोगी पिकअप : निवड, पासिंग आणि टोचन

धाराशिव जिल्ह्यात पिकअप घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने प्रथम एका प्रश्नाचा निकाल लावावा. आपण रस्ता सोडून गाडी चालवणार आहोत, की रस्त्यानेच आपल्याला सोडले आहे? पहिल्या प्रकाराला हौस म्हणतात. तिच्यासाठी तीस लाखांच्या गाड्या बाजारात आहेत. दुसऱ्या प्रकाराला शेतात जाणे म्हणतात. शोरूममधला टाय लावलेला तरुण "सर, युसेज काय राहील?" असे विचारतो तेव्हा त्याला हाच फरक जाणून घ्यायचा असतो. त्यावर "रोजचंच" एवढे उत्तर द्यावे. रोज म्हणजे काय, हे त्याला समजावत बसू नये.

जाहिरातीतली पिकअप नेहमी एकटी असते. मागे डोंगर, पुढे उथळ ओढा, हौद्यात एक सायकल. जिल्ह्यातली पिकअप एकटी कधीच नसते. हौद्यात सोयाबीनची कट्टी, त्यांच्यावर फवारणीचा पंप, कोपऱ्यात दोन उस्मानाबादी शेळ्या आणि "येरमाळ्यापर्यंतच येतो" म्हणून चढलेले एक पाहुणे. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणूस नियमात बसत नाही. पाहुणे बसतात.

आता भूगोल. सरकारी हिशेबाने तालुके आठ आहेत, पण पिकअपच्या हिशेबाने जिल्ह्यात दोनच मुलूख आहेत : माळ आणि काळं रान. बालाघाटाची रांग भूम, वाशी, कळंबच्या अंगाने तुळजापुराकडे सरकते. तिच्या माथ्यावर मुरूम, उघडे पडलेले दगड आणि कुसळीचे गवत. इथे गाडीच्या पोटाखाली किती जागा आहे, पुढचा बंपर चढाला टेकतो की नाही, असले प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे माहितीपुस्तिकेत आकड्यांत छापलेली असतात. टोयोटा हायलक्सचा चढाला भिडण्याचा कोन २९ अंशांचा आहे, उतरताना मागचा २६ अंशांचा. माळावर हे आकडे खरोखर कामाला येतात.

काळ्या रानात येत नाहीत. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटते आणि तिला अशा भेगा पडतात की मूठ आत जावी. पावसाळ्यात तिचा स्वभाव उलटतो. टायरच्या नक्षीत ती भरू लागते आणि चाकाच्या चार फेऱ्यांत नवाकोरा टायर गुळगुळीत होतो. मग गाडी स्टिअरिंगचे ऐकत नाही, उताराचे ऐकते आणि उतार बहुधा शेजाऱ्याच्या तुरीकडे असतो.

म्हणून ग्राउंड क्लिअरन्सच्या आधी वाफसा पाहावा. पेरणीला लागतो तोच वाफसा पाणंदीला लागतो. गाडी डांबरीवर उभी करून खाली उतरावे, पाणंदीतली मूठभर माती घेऊन दाबावी आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरून टाकावी. गोळा फुटला तर गाडी घालावी. गोळा जसाच्या तसा खाली बसला किंवा मुळात हातातून सुटलाच नाही, तर चपला काढून चालत जावे. ही परीक्षा फुकट होते, अर्ध्या मिनिटात होते आणि एकाही कंपनीच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख नाही.

उमेदवारांकडे वळू. सर्वांत आधी महिंद्राची बोलेरो पिकअप. तिच्याविषयी लिहायला फारसे काही उरलेले नाही, कारण ती सगळ्यांच्या दारात आहे. तिच्या मॅक्स एचडी घराण्यात दोन टन माल आणि सुमारे दहा फूट लांब हौदा मिळतो. इंजिन अडीच लिटरचे डिझेल. ताकदीचा आकडा ऐकून हायलक्सवाला हसतो, कारण त्याच्या ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटरचा जोर आहे आणि इथे दोनशेच्या आसपास. मात्र हायलक्सची भारक्षमता अर्ध्या टनाच्या आत आहे, हा आकडा ऐकून पिकअपवाला हसतो. दोघांनी एकाच टपरीवर चहा घेऊ नये.

टाटांकडे योद्धा आहे. २०१७ मध्ये ती आली तेव्हा अक्षय कुमारने तिची जाहिरात केली आणि २०२२ च्या सप्टेंबरात 'योद्धा २.०' दोन टनांच्या दाव्यासह उतरली. तिची पणजी म्हणजे १९८८ ची टाटामोबाइल २०६. या देशात मोटारीसारखे तोंड असलेली पिकअप पुष्कळांनी आधी तिच्याच रूपात पाहिली. मधल्या काळात महिंद्राने स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटांनी झेनॉन अशा दुहेरी केबिनच्या गाड्या काढल्या. पुढे पाच माणसे, मागे हौदा, रुबाब भरपूर. घरातल्यांना त्या टेम्पो वाटल्या आणि टेम्पोवाल्यांना त्या घरातल्या वाटल्या. दोन्ही आता बंद आहेत.

इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ ची. ती आंध्रातल्या श्री सिटीत बनते. एक पूर्णांक नऊ दशांश लिटरचे डिझेल, १६३ अश्वशक्ती, चालत्या गाडीत बटण फिरवून चारही चाकांना जोर देण्याची सोय. लांबी पाच मीटर तेहतीस सेंटिमीटर. हायलक्स अर्ध्या इंचाहूनही कमी फरकाने तिच्यामागे आहे. बंगळुरूजवळच्या बिडदीत बनणारी ही हायलक्स २०२२ च्या मार्चमध्ये ३३.९९ लाखांपासून पुढे विकायला आली. तेवढ्या पैशांत तीन बोलेरो पिकअप येतात आणि तीन भावांच्या वाटण्याही बिनभांडणाच्या होतात, हा मुद्दा तौलनिक अभ्यासात सहसा सुटतो.

हायलक्सची कीर्ती जगभर आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. १९८७ मध्ये चाडच्या सैन्याने टोयोटाच्या पिकअपवर तोफा चढवून लिबियाच्या रणगाड्यांची दाणादाण उडवली आणि त्या लढाईला 'टोयोटा युद्ध' हेच नाव पडले. २००३ मध्ये 'टॉप गिअर' या ब्रिटिश कार्यक्रमाने एक जुनी हायलक्स समुद्रात बुडवली, पेटवली, शेवटी पाडायच्या उंच इमारतीच्या माथ्यावर ठेवून खालून सुरुंग लावले. ढिगाऱ्यातून काढल्यावर ती पुन्हा सुरू झाली. प्रयोग चोख होता. पण वाळवंट कोरडे असते, इमारत एकदाच पडते. श्रावणात सलग चार दिवस झड लागल्यावर परंड्याच्या काळ्या शिवारातून कडबा काढून आणण्याची परीक्षा त्या मंडळींना सुचली नाही.

या सगळ्या मानापमानात एक गोष्ट समतेची आहे. बोलेरो असो, योद्धा असो, व्ही-क्रॉस असो की हायलक्स, मागे सगळ्यांना पाटेच आहेत. बैलगाडीनंतरची ही जुनी विद्या. वजन पडले की पाटे बसतात आणि गाडी शहाण्यासारखी चालते. हौदा रिकामा असला की ते ताठ राहतात आणि मागची बाजू उड्या मारते. तीस लाख देऊनही रिकाम्या हौद्याची उडी चुकत नाही, फक्त ती चामड्याच्या सीटवर बसून सोसायची असते.

चार चाकांच्या जोराविषयी थोडे शास्त्र इथेच उरकून घ्यावे, कारण पानपट्टीवर ते चुकीचे शिकवले जाते. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. म्हणून मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल बसवलेले असते; ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. डांबरीवर हा सद्गुण आहे. चिखलात हाच दुर्गुण होतो, कारण जे चाक सुटे आहे तिकडेच गती जाते. चिखलातले चाक भराभरा फिरते, कोरड्यावरचे चाक शांत उभे राहते. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीतसुद्धा पुढचे एक आणि मागचे एक चाक अधांतरी झाले की चार चाकांची गाडी जागच्या जागी गुरगुरते. त्यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक. तो दाबला की दोन्ही चाके एकत्र फिरतात. हायलक्सला मागे तो आहे. शिवाय 'लो' गिअर आहे. त्यात वेग मरतो आणि जोर वाढतो.

बोलेरो पिकअपच्या दोन चाकांच्या आवृत्तीत यातले काही नाही. पण तिच्याकडे पोती आहेत. रिकाम्या पिकअपचे सगळे वजन पुढे इंजिनावर आणि जोर मागच्या चाकांना, म्हणून ती ओल्या गवतावरही घसरते. जाणता चालक अशा वेळी हौद्यात मागच्या एक्सलच्या वर वाळूची पाच-सहा पोती टाकतो आणि गाडी चढते. या तंत्राला कंपनीने इंग्रजी नाव दिले असते तर त्याचे वेगळे लाख रुपये लावले असते. दुसरे फुकटचे तंत्र हवेचे. टायरमधली हवा थोडी कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जमिनीवर वाटले जाते आणि गाडी रुतायची थांबते. बाहेर आल्यावर हवा पुन्हा भरावी लागते, हे मात्र आधी लक्षात ठेवावे. पंप बहुधा घरीच असतो.

वजन वाटण्याचे हे शास्त्र या भागाला नवे नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, तेव्हा अडीच फुटी रुळांवरच्या इंजिनापासून डब्यापर्यंत दर एक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडणार नाही, असा त्याने हिशेब बांधला. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ चालले. हीच गाडी पुढे येडशीवरून १९११ मध्ये लातूरला पोचली. ती मंद होती, पण पावसाळ्यात कोणाच्या तुरीत शिरली नाही.

जिल्ह्यातली खरी कसोटीची गाडी कोणती, हे पाहायचे असेल तर शोरूम सोडून वाशी-भूमच्या माळावर जावे. तिथे पवनचक्क्या उभ्या आहेत आणि प्रत्येक पवनचक्कीच्या बुंध्याशी मुरमाचा चढ चढून गेलेली पांढरी बोलेरो कॅम्पर उभी आहे. पुढे पाच माणसांचे केबिन, मागे आखूड हौदा, त्यात केबलचे भेंडोळे, पान्ह्यांची पेटी, पाण्याचा जार आणि जेवणाचे डबे. कॅम्पर चार चाकांच्या जोराचीही मिळते. पवनचक्कीवाले, सोलरवाले, रस्त्याचे कंत्राटदार, विजेच्या तारा ओढणारे, सगळे तिच्यातच दिसतात. त्यांच्यापैकी कोणीही स्वतःला ऑफ-रोडर म्हणवत नाही. कंपनीने गाडी दिली आहे आणि साइटवर आठला पोचायचे आहे. या कॅम्परच्या चालकाला गाठून, चहा पाजून, क्लच प्लेट किती टिकते एवढे विचारावे. त्याचे उत्तर तीन मासिकांच्या तौलनिक चाचण्यांपेक्षा खरे असते. मालक शेजारी नसेल तर आणखी खरे.

पाण्याचा विषय जरा जपून. हायलक्स सातशे मिलिमीटर पाण्यातून जाते असे कंपनी सांगते. सातशे मिलिमीटर म्हणजे मांडीभर. पण ते स्थिर, तळ ठाऊक असलेले पाणी. नळकांडी पुलावरून वाहणारे पाणी स्थिर नसते आणि पुलाचा कठडा शाबूत आहे की गेला, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा परंडा-भूम भागात माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली, शेतातली माती खरडून गेली. अशा पाण्यापुढे हायलक्स आणि छोटा हत्ती टेम्पो सारखेच. पाणी पुलावरून जात असेल तर गाडी अलीकडे लावावी, इंजिन बंद करावे आणि पलीकडच्या पाव्हण्यांना फोन करून जेवण उद्यावर ढकलावे. या परिच्छेदात थट्टा नाही.

हौशी मंडळींचा पुढचा प्रश्न असतो, ट्रेल कुठे आहे? काहींची नजर येडशी-रामलिंगच्या जंगलावर जाते. ते अभयारण्य आहे. तिथे वाट सोडून गाडी घालणे हा कायद्याने गुन्हा आहे, फोर बाय फोर असो वा नसो. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत तिथे येऊन दाखल झाला. त्याने शेकडो किलोमीटरचा मुलूख, रस्ते आणि रेल्वेमार्ग ओलांडले, वाटेत कुठे रुतला नाही, टोलही भरला नाही. त्याला पकडायला वनखात्याची पथके आली आणि त्यांना त्याने चांगलेच फिरवले. ट्रेलची आवड असणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करू नये. आपल्याच शेताकडे जाणारी पाणंद घ्यावी. शासनाच्या 'मातोश्री' योजनेतून ती झाली असेल तर मुरूम पडलेला असतो. झाली नसेल तर ट्रेल आयताच आहे.

आता रोजच्या वापराकडे. पाच मीटर तेहतीसची गाडी तुळजापुरात आणण्याआधी परतायची वाट हेरून ठेवावी. नवरात्रात गावाबाहेरच वाहनतळावर गाडी सोडावी लागते आणि कोजागरीच्या सुमाराला सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो, तेव्हा वाहतूक वळवतात. मात्र गाडी कुठलीही घेतली तरी पूजा भवानीच्या दारातच करायची, हे घरात आधीच ठरलेले असते. म्हणून डिलिव्हरीचा दिवस पौर्णिमेला किंवा मंगळवारी धरू नये. लिंबू चाकाखाली ठेवताना कोणी धाकटा भाऊ "चारही चाकांखाली ठेवा, फोर बाय फोर आहे," म्हणतोच. त्याला हसून घ्यावे.

पासिंगची भानगड मात्र हसण्यावारी नेऊ नये. मालवाहू म्हणून नोंदली की पिवळी पाटी येते आणि तिच्यामागे फिटनेस. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. पांढऱ्या पाटीवर हौशी पिकअप कशी बसते याची चौकशी एमएच २५ च्या आरटीओ कार्यालयात स्वतः करावी. शोरूममधल्या तरुणाचे "होऊन जाईल सर" हे वाक्य तिथे चालत नाही. परवान्याबाबत एक दिलासा आहे. साडेसात हजार किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, यावर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने शिक्कामोर्तब केले. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने बुलबारवर बडगा उगारला, म्हणून बंपरपुढच्या त्या लोखंडी मुखवट्याचा मोह आवरावा. तो धडकेचा जोर थेट चासीपर्यंत पोचवतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवतो. पुढे लावायच्या सहा दिव्यांविषयी एवढेच, की समोरून येणाऱ्या ऊसवाल्या ट्रॅक्टरला मागे दिवाच नसतो आणि पुढे एकच असतो. दर गाडीला साडेतीन दिवे ही सरासरी रात्री उपयोगी पडत नाही.

गाडीचा सुटा भाग कुठे मिळतो, हेही घेण्याआधी पाहावे. बोलेरोचे पाटे, क्लच प्लेट, बेअरिंग कळंबच्या बाजारपेठेत दुपारच्या जेवणाआधी हाती येतात आणि मिस्त्री ते डोळे मिटून बसवतो. महागड्या गाडीत डोके घातल्यावर हाच मिस्त्री प्रथम हात पुसतो. हात पुसणे हे वाईट लक्षण आहे. त्यानंतर तो "लॅपटॉप लावावा लागंल" म्हणतो आणि गाडी शहराकडे निघते, बहुधा बोलेरो पिकअपच्या मागे बांधून.

गाडी मागणाऱ्यांचे प्रकरण मोठे आहे. इथे त्यातला गाभाच घ्यावा. पिकअप घेतल्याची बातमी गावात तिच्या आधी पोचते. दुसऱ्या दिवशी सकाळी भावकीतले कोणीतरी अंगणात बसलेले असतात. चहा होतो, पावसाचे बोलणे होते, मग, "तात्या, उद्या गाडी मोकळीच हाय न्हवं?" मोकळी नाही म्हणावे तर ती समोर मोकळी उभी. "मोकळी हाय, पण डिझेल न्हाई," हे उत्तर जुने झाले. मागणारा आता पाच लिटरचा कॅन सोबत आणतो. भाडे मागावे तर नाते तुटते, न मागावे तर पाटे तुटतात. हायलक्स आणि व्ही-क्रॉस इथे मात्र निर्विवाद जिंकतात. त्यांच्या हौद्यात शेणखत भरायला मागायचे धाडस कोणी करत नाही. तोटा एवढाच, की मालकालाही होत नाही. त्याचे शेणखत शेजाऱ्याच्या बोलेरोतून जाते आणि डिझेल तोच भरतो.

एवढे करूनही गाडी रुतणार, कारण वाफसा पाहायचा राहून जातो, पाहुण्यांना घाई असते. रुतल्यावर रेस देऊ नये. चाक फिरेल तेवढे खड्डा करील आणि एक्सल टेकेल. खाली उतरावे, चाकामागची माती फावड्याने काढावी, कडब्याच्या पेंढ्या किंवा रिकामी पोती चाकाखाली घालावीत, मागच्या गिअरमध्ये हळूच सोडावी. दोन वेळा जमले नाही तर तिसऱ्यांदा करू नये आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन करावा. त्याचा नंबर दोन मोबाइलमध्ये हवा, कारण एकाची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते.

ट्रॅक्टर येईपर्यंत टोचनची, म्हणजे ओढून काढण्याची, तयारी ठेवावी. साखळी कंपनीने दिलेल्या हुकाला लावावी, बंपरला नव्हे; बंपर एकटाच बाहेर येतो. गिअर न्यूट्रलवर, हँडब्रेक सोडलेला, स्टिअरिंग सरळ. साखळी ताणली जाताना तिच्या रेषेत कोणाला उभे राहू देऊ नये, मोबाइलवर चित्रण करणाऱ्या पोरांना तर मुळीच नाही. ट्रॅक्टरवाल्यासमोर फोर बाय फोरचा विषय काढू नये. ओढून झाल्यावर तो चाकाला लागलेली माती काठीने खरवडत "कितीला घेतली?" असे सहज विचारील. हायलक्सच्या मालकाने त्या वेळी दहा-बारा लाखांचा आकडा सांगावा. ओढण्याचे पैसे त्यावरून ठरतात.